डॉक्टर संपावर गेले, स्वतःची सीट गेली, पण टॉमी डग्लस यांनी कॅनडाला दवाखान्याच्या बिलातून सोडवलं

2004 साली कॅनडाच्या सीबीसी या सार्वजनिक वाहिनीने लोकांना विचारलं की, देशाच्या इतिहासातली सगळ्यात थोर व्यक्ती कोण? पहिल्या दहांत तगडी नावं होती. इन्सुलिनवाले फ्रेडरिक बँटिंग, टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल, आइस हॉकीचा बादशाह वेन ग्रेट्झकी.

पण लोकांनी एक नंबर दिला तो टॉमी डग्लस यांना. हा माणूस कधी पंतप्रधान झाला नाही. सस्कॅचवन नावाच्या गहू पिकवणाऱ्या प्रांताचा तो प्रीमियर होता, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्री.

अनिल कपूरची '24' ही मालिका आठवत असेल. तिच्या मूळ अमेरिकन मालिकेचा हिरो किफर सदरलँड हा याच डग्लस यांचा नातू.

टॉमीचा जन्म 1904 चा, स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कचा. लहानपणी गुडघ्याला जखम झाली आणि ती हाडापर्यंत चिघळली. पुढे घरचे कॅनडातल्या विनिपेगला आले, पण दुखणं काही थांबेना. मोठ्या डॉक्टरची फी देण्याची ऐपत नव्हती. पाय कापायचा, असं ठरत आलं होतं.

तेवढ्यात एका नामांकित सर्जनने ही केस पाहिली. विद्यार्थ्यांना शिकवायला ती उपयोगाची होती, म्हणून त्याने फुकट ऑपरेशन करायची तयारी दाखवली. पाय वाचला. पुढे हेच पोरगं बॉक्सिंगमध्ये मॅनिटोबा प्रांताचं लाइटवेट विजेतेपद मिळवून आलं.

पण मोठेपणी डग्लस यांना एक गोष्ट खटकत राहिली. आपला पाय वाचला तो नशिबाने. ज्याला असा सर्जन भेटत नाही, त्याचं काय?

1930 साली ते सस्कॅचवनमधल्या वेबर्न गावी चर्चचे पाद्री म्हणून गेले. तो काळ महामंदीचा. त्यात दुष्काळ. शेतं ओस पडली, लोकांकडे औषधाला पैसे उरले नाहीत. नुसत्या प्रवचनाने भागणार नाही हे कळलं आणि पाद्रीबुवा राजकारणात उतरले. शेतकरी आणि कामगारांच्या सीसीएफ या पक्षाकडून 1935 साली ते खासदार झाले.

या काळातला एक डागही सांगायला हवा. 1933 च्या एमएच्या प्रबंधात त्यांनी मतिमंद ठरवलेल्या लोकांच्या नसबंदीचं समर्थन केलं होतं. पुढे तो विचार त्यांनी सोडला. हातात सत्ता आली तेव्हा तसा सल्ला समोर आला, तो त्यांनी स्वीकारला नाही.

सत्ता आली 1944 साली. 52 पैकी 47 जागा जिंकून. डग्लस प्रीमियर झाले आणि आरोग्य खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं.

आता कुणीही म्हणेल, लगेच सगळ्यांना मोफत उपचार जाहीर केले असतील. तर नाही. प्रांत गरीब होता आणि डग्लस अंथरूण पाहून पाय पसरणारे. आधी कर्ज कमी केलं. कॅन्सरचे उपचार मोफत केले. 1 जानेवारी 1947 पासून हॉस्पिटल विमा आणला. माणशी वर्षाला 5 डॉलर, अख्ख्या कुटुंबाचे जास्तीत जास्त 30 डॉलर. त्यात हॉस्पिटलचं बिल सरकार भरणार.

पण डॉक्टरची फी अजून लोकांच्याच खिशातून जात होती. ती योजनेत आणायला त्यांनी तब्बल 12 वर्षं थांबायची तयारी ठेवली. केंद्र सरकारने हॉस्पिटल विम्याचा साधारण निम्मा खर्च उचलायचं मान्य केलं, प्रांताच्या तिजोरीत थोडी मोकळीक आली, तेव्हा कुठे 1959 मध्ये त्यांनी घोषणा केली.

आणि डॉक्टर खवळले. आपण सरकारी नोकर होणार, उपचारात सरकार नाक खुपसणार, अशी त्यांना भीती होती. 1960 ची निवडणूक याच मुद्द्यावर झाली. डॉक्टरांच्या संघटनेने विरोधात प्रचार केला, तरी डग्लस सलग पाचव्यांदा जिंकले.

1961 च्या नोव्हेंबरमध्ये कायदा झाला. त्याच सुमारास डग्लस प्रांत सोडून नव्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय नेते झाले. योजना राबवायची जबाबदारी आली वुड्रो लॉइड यांच्यावर.

लोकांचा राग मात्र डग्लस यांच्यावर निघाला. जून 1962 च्या लोकसभा निवडणुकीत, ज्या रिजायना शहरातून त्यांनी 17 वर्षं प्रांत चालवला, तिथेच ते पडले. दोन आठवड्यांनी, 1 जुलैला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तातडीची सेवा तेवढी मोजक्या हॉस्पिटलांत चालू राहिली. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर बोलावले. संप 23 दिवस चालला.

शेवटी ब्रिटनच्या लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली. डॉक्टर स्वतंत्रच राहणार, पेशंट तपासून बिल लावणार, पण ते बिल सरकारी योजनेतून भरलं जाणार, असं ठरलं. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत आणि पेशंटही कर्जबाजारी होईना. विरोधाची धार बोथट झाली.

मग बाकीच्या प्रांतांचं लक्ष गेलं. 1966 साली पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या सरकारने देशपातळीवर कायदा केला. पोटनिवडणूक जिंकून पुन्हा संसदेत आलेले डग्लस तेव्हा विरोधी बाकांवर होते. 1972 पर्यंत सगळे प्रांत योजनेत आले.

24 फेब्रुवारी 1986 रोजी डग्लस यांचं कॅन्सरने निधन झालं. कॅनडाच्या या व्यवस्थेवर आजही टीका होते. ऑपरेशनसाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागते ही मोठी तक्रार. औषधं आणि दातांचे उपचार यांचा खर्चही अनेकांना स्वतः करावा लागतो. पण डॉक्टरला दाखवायचं की खिसा बघायचा, हा प्रश्न तिथल्या घरात सहसा पडत नाही. ज्या शहराने त्यांना पाडलं, त्या रिजायनातही नाही.