हिशेब न ठेवणारा साधू

प्रभुभोजनाच्या मेजापुढे शेजारी शेजारी गुडघे टेकणारी, पण वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणारी माणसे आपल्या मंडळ्यांत आढळतात. कारण कधी निवडणुकीचे असते, कधी जागेचे, तर कधी भर सभेत बोलल्या गेलेल्या एका शब्दाचे. परक्याने केलेला अपमान माणूस विसरतो. विश्वासातील बंधूने केलेला मात्र मनात जपून ठेवतो. म्हणूनच आपल्याच धर्मबंधूंकडून दोनदा छळ सोसलेल्या एका रोमन कॅथलिक साधूचे चरित्र आपण पाहू. त्याला क्रुसाचा योहान म्हणतात.

योहानाचा जन्म १५४२ साली स्पेन देशातील फाँतिवेरोस या गावी झाला. त्याचा बाप रेशीम व्यापाऱ्यांच्या घराण्यातला होता. गरीब विणकर मुलीशी लग्न केले म्हणून नातेवाइकांनी त्याला तोडले. योहान लहान असतानाच बाप वारला आणि आईने विणकाम करून मुलांना वाढवले. मेदिना देल काम्पो या शहरी इस्पितळात रोग्यांची सेवा करीत योहान शिकला आणि १५६३ साली कार्मेली संघाच्या मठात दाखल झाला. पुढे १५६७ साली त्याची गाठ अविलाच्या तेरेसाबाईंशी पडली. मठांतील ऐषआराम जाऊन प्रार्थना व साधेपणा पुन्हा यावा, अशी या बाईंची तळमळ होती. योहान त्यांच्या कामाला लागला.

जुन्या रीतीच्या साधूंना ही सुधारणा रुचली नाही. २ डिसेंबर १५७७ च्या रात्री त्यांनी योहानाला अविला येथे पकडले आणि तोलेदो शहरातील मठात कोंडले. तेरेसाबाईंनी राजा दुसरा फिलिप याला पत्र लिहिले, पण त्याचा उपयोग झाला नाही. खोली सुमारे सहा फूट रुंद व दहा फूट लांब. उजेड येई तो वरच्या एका फटीतून. थंडीत बोटे गोठत, उन्हाळ्यात जीव गुदमरे. त्याला भोजनगृहात नेऊन सर्वांदेखत फटके मारीत. हे करणारे कोणी पाखंडी नव्हते; तेच स्तोत्र गाणारे, तोच क्रूस गळ्यात घालणारे बंधू होते.

त्या अंधारात योहान काय करीत होता? तो कविता रचीत होता. गीतरत्नाच्या धर्तीवरील त्याच्या प्रसिद्ध गीताची बरीच कडवी त्याच कोठडीत तयार झाली. त्यांत देवाला शोधणाऱ्या जिवाची ओढ आहे; कोंडणाऱ्यांविषयी एकही कडू शब्द नाही. नऊ महिन्यांनी, ऑगस्ट १५७८ मध्ये, पांघरुणाच्या चिंध्या एकमेकींना बांधून तो खिडकीतून खाली उतरला आणि निसटला. क्षमा करणे म्हणजे अन्यायाच्या कोठडीत बसून राहणे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे. मात्र बाहेर आल्यावर त्याने त्या बंधूंची निंदा केली नाही. आपण योग्य तेच करीत आहोत असे त्यांना वाटत होते, एवढेच तो सांगे.

दुसरा घाव अधिक जवळचा होता. १५९१ साली सुधारलेल्या संघाच्याच सभेत वरिष्ठांच्या कडक धोरणाविरुद्ध योहान उघडपणे बोलला. त्याचे अधिकारपद गेले. एक बंधू मठामठांतून हिंडून त्याच्याविरुद्ध जबान्या गोळा करू लागला आणि भयाने पुष्कळांनी योहानाची पत्रे जाळली. ज्या घराच्या पायाभरणीत त्याचा हात होता, त्याच घरात तो नकोसा झाला. त्याच्यासाठी कष्टी झालेल्या एका संन्यासिनीला मात्र त्याने कळवले की, माणसांना दोष न लावता हे देवाच्या हातून आले असे मानावे आणि प्रेम करीत राहावे.

त्याच वर्षी त्याच्या पायाला जखमा होऊन ताप चढला. उपचारासाठी दोन मठ सुचवले गेले. बाएसा येथील प्रमुख त्याचा मित्र होता, तर उबेदा येथील प्रमुखाला योहानाने पूर्वी अधिकारावर असताना ताकीद दिली होती व तो ती विसरला नव्हता. योहानाने उबेदा पसंत केले. त्याला अगदी हलकी खोली मिळाली आणि औषधपाण्याच्या खर्चावरून कुरकूरही ऐकावी लागली. योहानाने त्याविषयी तक्रार केली नाही. शेवटी त्या प्रमुखाला बोलावून, आपल्यामुळे झालेल्या त्रासाबद्दल योहानानेच क्षमा मागितली. तो मनुष्य रडत बाहेर गेला. १४ डिसेंबर १५९१ रोजी मध्यरात्री, गीतरत्नातील वचने वाचून घेतल्यावर, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी योहानाने प्राण सोडला.

त्याला हे कसे साधले? मान, पद आणि आपली बाजू खरी ठरवण्याचा हट्ट यांना मन घट्ट धरून बसले, तर देवाला तेथे जागा उरत नाही, असे तो शिकवीत आला होता. राग सोडणे हे त्याने मरणाच्या वेळी शिकलेले नव्हते. रोजच्या प्रार्थनेत मूठ उघडण्याची त्याला सवयच झाली होती. मठाचे जीवन आपल्या वाट्याचे नाही आणि त्याच्या पंथाच्या सर्व गोष्टी आपण मानत नाही. पण प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमेची अट आपल्यालाही लागू आहे, आणि ती आपण दर रविवारी मोठ्याने म्हणतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी योसेफ व त्याचे भाऊ हा धडा घेताना मुलांना ही हकिगतही सांगावी. आणि आपण मोठ्यांनी येत्या प्रभुभोजनापूर्वी आपल्या उबेद्याचा दरवाजा कोणता, हे ओळखून तो ठोठवावा. आत राहणाऱ्याचे नाव प्रत्येकाला ठाऊक असतेच.