वाकलेल्या कण्याला आधार देणारे डॉ. हॅरिंग्टन

टेक्सासमध्ये मुलं वाढवणाऱ्या आपल्या मंडळींना शाळेतली पाठीची तपासणी माहीत असेलच. मुलांना पुढे वाकायला सांगून पाठ बघतात. एक बाजू उंच दिसली की घरी चिठ्ठी येते आणि स्कोलिओसिस हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं. काहींना ब्रेस लागतो, तर थोड्यांना ऑपरेशन. त्या ऑपरेशनची वाट ज्यांनी मोकळी केली, ते डॉ. पॉल हॅरिंग्टन ह्यूस्टनचेच.

त्यांचा जन्म १९११ चा, कॅन्सस राज्यातला. कॉलेजात ते बास्केटबॉल खेळायचे. पुढे हाडांचे डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवा केली आणि युद्ध संपल्यावर ह्यूस्टनला आले. तेव्हा तिथे पोलिओची साथ होती. जेफरसन डेव्हिस या सरकारी रुग्णालयात अशी मुलं येत, ज्यांचे पाठीचे स्नायू एका बाजूने लुळे पडलेले असत. कणा वाढता वाढता वाकडा होई, बरगड्या दबत आणि श्वास अपुरा पडे.

त्या काळचा उपाय म्हणजे धडाला प्लास्टर घालून महिनोन् महिने झोपवून ठेवणं. मणके एकमेकांना जुळवायची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कचे डॉ. हिब्ज यांनी हॅरिंग्टन यांच्या जन्माच्याच वर्षी सुरू केली होती, पण तीही प्लास्टरच्याच भरवशावर. ज्या मुलाला धड श्वासच घेता येत नाही, त्याच्या छातीवर प्लास्टर चढवायचं कसं? मग आधार बाहेरून न देता आतूनच दिला तर, असा विचार हॅरिंग्टन यांनी केला.

आधी त्यांनी स्क्रू वापरून पाहिले. ते टिकले नाहीत. मग स्टीलची सळई आणि दोन आकडे आले. वाकाच्या आतल्या बाजूला वर-खाली मणक्यांना आकडे लावायचे आणि गाडीच्या जॅकसारखी एकेक खाच पुढे सरकवत कणा ताणून सरळ करायचा. ऑपरेशन टेबलावर कणा सरळ होई, पण काही महिन्यांनी आकडे निसटत, सळया मोडत.

इथे हॅरिंग्टन यांचा खरा कस लागला. सळई कितीही मजबूत केली, तरी रोजच्या हालचालीने धातू कधीतरी थकणारच, हे त्यांनी मान्य केलं. सळईने कणा तेवढ्यापुरता धरून ठेवायचा आणि तोवर हाडाचे तुकडे पेरून मणके जुळू द्यायचे, म्हणजे कायमचा आधार हाडच देईल. एकट्या सळईवर विसंबणं त्यांनी सोडलं आणि हिब्ज यांच्या जुन्या शस्त्रक्रियेची तिला जोड दिली. १९६२ मध्ये त्यांनी १२९ रुग्णांचा अहवाल छापला, तोवर या कामात दहाहून जास्त वर्षं गेली होती. १९७३ च्या अहवालात ही संख्या ५७८ झाली.

दरम्यान १९५५ मध्ये पोलिओची लस आली. पण कारण न कळता कणा वाकणारी मुलं, विशेषतः वयात येणाऱ्या मुली, होत्याच. त्यांच्यासाठी ही सळई जगभर वापरली गेली.

तिच्यात उणिवाही होत्या. ताणाने कमरेची नैसर्गिक खळगी सपाट होई, त्यामुळे काहींना पुढे उभं राहायला, चालायला त्रास झाला. कण्याला पडलेला पीळही ती सोडवत नसे. १९८० च्या दशकात फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी दोन सळया नि अनेक आकड्यांची पद्धत आणली. आता मणक्यात स्क्रू बसवतात. पण सळईने धरायचं आणि हाडाने जुळायचं, हे सूत्र तेच आहे.

हॅरिंग्टन १९८० मध्ये गेले. त्यांची सळई पाठीत घेऊन जगणारी माणसं आजही आहेत. तुमच्या ओळखीत कुणी असेल आणि उतारवयात कंबर धरत असेल, पुढे झुकून चालावं लागत असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. कण्याच्या डॉक्टरला दाखवा आणि सळई कोणत्या साली बसवली ते आवर्जून सांगा.