हिवतापाचा शोधक : रोनाल्ड रॉस

मुलांनो, आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात धानाच्या बांध्या पाण्याने भरतात. पाणी साचले की डास वाढतात. उर्दूत आपण ज्याला मच्छर म्हणतो, तोच मराठीतील डास. डासामुळे हिवताप, म्हणजे मलेरिया होतो, हे आज तुम्हांला माहीत आहे. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे कोणालाच ठामपणे माहीत नव्हते. दलदलीतील खराब हवेमुळे हा ताप येतो, असे लोक समजत. खरे कारण शोधणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे.

रोनाल्ड रॉस यांचा जन्म 13 मे 1857 रोजी हिमालयाच्या कुशीतील अल्मोडा येथे झाला. मेरठला उठाव सुरू होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. त्यांचे वडील इंग्रजी फौजेत अधिकारी होते. आठ वर्षांचे असताना रॉस यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवण्यात आले. त्यांना कविता, संगीत आणि चित्रकला यांची आवड होती; पण वडिलांच्या इच्छेमुळे ते डॉक्टर झाले. 1881 मध्ये ते भारतात सरकारी वैद्यकीय नोकरीत रुजू झाले.

1880 मध्ये लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरांना अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी दिसला होता. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारा जीव. पण तो एका माणसाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो कसा? लंडनचे डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांना डासाचा संशय होता. 1894 मध्ये त्यांनी रॉस यांना ही कल्पना सांगितली. संशय खरा की खोटा, हे पाहण्याचा रॉस यांनी निश्चय केला.

1895 मध्ये ते भारतात परतले आणि सिकंदराबादला काम करू लागले. दोन वर्षे त्यांनी शेकडो डास कापून तपासले, पण हाती काही लागले नाही. कारण ते डास वेगळ्या जातीचे होते. उन्हाळ्यात अंगातून घामाच्या धारा वाहत, तरी पंखा चालवता येत नसे. वाऱ्याने कापलेले डास उडून गेले असते! घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले, तरी रॉस थांबले नाहीत.

ऑगस्ट 1897 मध्ये त्यांना पंखांवर ठिपके असलेले तपकिरी डास मिळाले. हे अॅनॉफिलिस जातीचे डास होते. हुसेन खान नावाचे एक रुग्ण दवाखान्यात होते. त्यांच्या रक्तात परजीवी होते. एका डासामागे एक आणा घेऊन त्यांनी स्वतःला डास चावू दिले. 20 ऑगस्ट रोजी रॉस यांनी त्यांतील एक डास कापला. त्याच्या जठराच्या भिंतीत काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशीच्या डासात त्या आणखी मोठ्या झालेल्या होत्या. परजीवी डासात नुसता राहत नव्हता, तर वाढत होता!

पण लवकरच रॉस यांची बदली राजपुतान्यातील खेरवाडा येथे झाली आणि काम अडले. 1898 मध्ये त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले. तेथे पुरेसे रुग्ण मिळेनात, म्हणून त्यांनी पक्ष्यांना होणाऱ्या हिवतापाचा अभ्यास केला. मोहम्मद बक्ष हे त्यांचे मेहनती मदतनीस होते. जुलै महिन्यात रॉस यांना परजीवी डासाच्या लाळेच्या ग्रंथीत सापडले. डास चावताना लाळेबरोबर रोगही देतो, हे सिद्ध झाले. त्याच वर्षी इटलीतील शास्त्रज्ञांनी माणसांच्या हिवतापाबाबतही हेच दाखवले. 1902 मध्ये रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. 16 सप्टेंबर 1932 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

मुलांनो, तुम्हांला एक प्रश्न पडला असेल. तोच जीव माणसाच्या यकृतात एका रूपात, रक्तात दुसऱ्या रूपात आणि डासात तिसऱ्या रूपात कसा राहतो? रॉस यांना त्यांतील काही रूपे दिसली. ती बदलतात कशी, हे त्यांच्यानंतरच्या शास्त्रज्ञांनी शोधले. प्रत्येक रूपाला वेगळी प्रथिने लागतात. प्रथिने कशी बनवायची, याची कृती आरएनए नावाच्या चिठ्ठीवर असते. रक्तातील मादी परजीवी डासाच्या पोटात लागणाऱ्या काही प्रथिनांच्या चिठ्ठ्या आधीच तयार करते, पण त्या बांधून ठेवते. पाहुणे येण्याआधी शिधा काढून ठेवावा आणि चूल मात्र पेटवू नये, तसे हे आहे. डासाने रक्त शोषले की परजीवी गरम शरीरातून थंड पोटात जातो. मग चिठ्ठ्या मोकळ्या होतात आणि प्रथिने झटपट बनू लागतात. 2006 मध्ये नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीवर प्रयोग केला. चिठ्ठ्या सांभाळणारे एक प्रथिन त्यांनी काढून टाकले. तेव्हा त्या चिठ्ठ्या नष्ट झाल्या आणि परजीवीची डासातील वाढ थांबली. म्हणजे वेळेआधी थांबणे आणि वेळेवर काम सुरू करणे, हेच या शत्रूचे बळ आहे. ते बळ मोडणारी औषधे शोधण्याचे काम शास्त्रज्ञ करत आहेत.

तोपर्यंत आपण काय करावे? घराभोवती पाणी साचू देऊ नये. रात्री मच्छरदाणीत झोपावे. थंडी वाजून ताप आला, तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावे आणि औषधाचा पूर्ण डोस घ्यावा. 20 ऑगस्ट हा दिवस जगभर डास दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी रॉस यांच्याबरोबर हुसेन खान आणि मोहम्मद बक्ष यांचीही आठवण ठेवा. मोठा शोध एकट्याच्या हातून लागत नाही.