चित्रकार शास्त्रज्ञ काहाल

स्पेन देशातील पेतिया नावाच्या डोंगराळ खेड्यात १ मे १८५२ रोजी सांतियागो रामॉन ई काहाल यांचा जन्म झाला. त्यांचे वडील वैद्यकी करीत. मुलानेही वैद्य व्हावे, ही त्यांची इच्छा. मुलाला मात्र चित्रकलेचे वेड! कागद मिळो की भिंत, तो चित्रे काढी. वडिलांना हा नाद मुळीच पसंत नव्हता. मुलाचे अभ्यासात चित्त लागेना, तेव्हा त्यांनी त्याला प्रथम एका न्हाव्याकडे व नंतर जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे कामास ठेवले. पुढे त्यांनी स्वतःच त्याला हाडे दाखवून शरीररचना शिकविण्यास आरंभ केला. हाडांची हुबेहूब चित्रे काढता काढता मुलाला त्या विषयाची गोडी लागली.

१८७३ साली काहाल वैद्यकाचे पदवीधर झाले. लष्करी वैद्य म्हणून ते क्यूबा बेटावर गेले, परंतु हिवतापाने जर्जर होऊन परतले. साठविलेल्या पैशांतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतले.

त्या काळी मेंदू म्हणजे तंतूंचे एक अखंड जाळे आहे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानीत. इटलीचे विख्यात शास्त्रज्ञ कामिलो गोल्जी याच मताचे होते. चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगविण्याची युक्ती गोल्जींनीच शोधली होती. ती काहाल यांनी १८८७ मध्ये पाहिली आणि तिच्यात सुधारणा केली. तुरीचे पीक वाढले म्हणजे झाडात झाड गुंतते. कोवळ्या रोपांच्या ओळीत मात्र प्रत्येक रोप निराळे दिसते. म्हणून काहाल यांनी प्राण्यांची पिल्ले व भ्रूण यांचे मेंदू तपासले. प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र असते, असे त्यांना १८८८ साली आढळून आले.

हे संशोधन त्यांनी पदरमोड करून छापले. पण ते वाचणार कोण? १८८९ साली ते आपले काचेवरील नमुने घेऊन बर्लिनच्या परिषदेस गेले व एकेका विद्वानास ते दाखवू लागले. वयोवृद्ध शास्त्रज्ञ क्योलिकर यांची खात्री पटली आणि काहाल यांचे नाव सर्वत्र झाले.

डोळ्यातील दृष्टिपटलाचा त्यांनी विशेष अभ्यास केला. प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपला संदेश मधल्या पेशींना देतात. त्या तो पुढील पेशींना देतात आणि त्यांच्या तंतूंवाटे तो मेंदूकडे जातो. ही वाट दाखविणारा त्यांचा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला.

१९०६ चे नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी यांना विभागून मिळाले. गोल्जींनी त्या समारंभातील भाषणातही काहाल यांचे मत खोडून काढण्याचा प्रयत्न केला! काहाल यांनी शांतपणे आपले पुरावे मांडले.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी काहाल निवर्तले. पुढे १९५० नंतरच्या दशकात विद्युत्कण सूक्ष्मदर्शकाने दोन मज्जापेशींमधील फट प्रत्यक्ष दाखविली व काहाल यांचेच म्हणणे खरे ठरले. काचबिंदूत दृष्टिपटलाच्या कोणत्या पेशी मरतात आणि आनुवंशिक रातांधळेपणात कोणत्या, हे आज नेत्रवैद्य सांगू शकतात; त्या पेशींची ओळख पटविण्यात काहाल यांचा वाटा मोठा आहे. वडिलांना नकोसा वाटलेला चित्रकलेचा छंद असा जगाच्या उपयोगी पडला.