अजिंठ्याला आलेल्या हेरिंगहॅमबाई

अजिंठ्याची लेणी आपल्या मंडळातील पुष्कळ भगिनींनी पाहिली असतील. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विलायतेतील एक प्रौढ बाई तेथे तंबू ठोकून राहिल्या आणि भिंतींवरील चित्रांच्या नकला उतरवीत बसल्या, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. त्या लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम. त्यांचे चरित्र थोडक्यात सांगते.

बाईंचा जन्म १८५२ साली इंग्लंडमध्ये एका सधन घरी झाला. माहेरचे नाव पॉवेल. १८८० मध्ये डॉ. विल्मट हेरिंगहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे झाले. पैकी एक १८९३ मध्ये लहानपणीच वारला. हे दुःख उरात ठेवून बाई आपल्या चित्रकलेत मग्न राहिल्या. पूर्वी इटलीतील चित्रकार अंड्याच्या बलकात रंग खलून चित्रे काढीत. ती विद्या लोपत चालली होती. तिच्यावरील एक जुना ग्रंथ बाईंनी १८९९ साली इंग्रजीत आणला आणि त्या रीतीने स्वतः चित्रे काढली. देशातील उत्तम चित्रे परदेशी विकली जाऊ नयेत म्हणून १९०३ साली निघालेल्या निधीला त्यांनी पदरचे २०० पौंड दिले. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा या चळवळीतही त्या होत्या. मिरवणुकीची निशाणे सजविण्याचे काम त्यांनी हौसेने केले.

१९०६-०७ च्या हिवाळ्यात बाई प्रथम अजिंठ्यास आल्या. तेव्हा तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. आपल्या पांडवलेण्यांप्रमाणेच ही लेणीही डोंगर कोरून केलेली; पण येथील भिंतींवर दीड हजार आणि त्याहूनही अधिक वर्षांपूर्वीची चित्रे आहेत. त्यांचे पापुद्रे निघत होते. पूर्वी दोनदा त्यांच्या नकला झाल्या होत्या. मेजर गिल यांच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या आगीत गेल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या ग्रिफिथ्ससाहेबांनी विद्यार्थ्यांकडून करविलेल्यांपैकीही पुष्कळशा १८८५ साली तेथेच दुसऱ्या आगीत जळाल्या. येवल्याची पैठणी जीर्ण झाली की आपण तिचे काठपदर जपून ठेवतो. तसेच, चित्रे पुरती झडण्यापूर्वी त्यांचे रूप राखून ठेवावे, असे बाईंच्या मनाने घेतले.

१९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे स्वखर्चाने त्यांनी फर्दापूर येथे मुक्काम केला. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न! लेण्यांत अंधार, परका मुलूख, परकी भाषा. साहाय्यास डोरोथी लार्चर ही तरुण इंग्रज चित्रकर्ती होती. पुढे हातछपाईच्या कापडांसाठी ती नावाजली. भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा हेही आले. हैदराबादेहून सय्यद अहमद व फजलुद्दीन आले. इंग्रज, बंगाली, कानडी, हिंदू, मुसलमान असे सारे एका कामाला लागले. हे तरुण मदतीला आले खरे, पण खुद्द अजिंठा हीच त्यांची शाळा झाली. पुढे आपल्या राज्यघटनेची मूळ प्रत चित्रांनी सजविली ती याच नंदलालांनी व त्यांच्या शिष्यांनी.

बाईंना मात्र हे काम फार महाग पडले. १९११ मध्ये परतल्यावर त्यांचे मन बिघडले. कोणी आपला पाठलाग करीत आहे असा भास त्यांना होई. पुढील सारे आयुष्य मनोरुग्णांच्या शुश्रूषागृहांत गेले. दुसरा मुलगा १९१४ साली महायुद्धात पडला. अजिंठ्याच्या चित्रांचा मोठा ग्रंथ १९१५ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केला, तेव्हाही बाई आजारीच होत्या. १९२९ साली त्या निवर्तल्या.

त्यांच्या आजाराचे कारण काय, याची चर्चा आपण कशाला करावी? घराबाहेर पडली म्हणून असे झाले, असे म्हणणारे कोणत्याही देशात भेटतील. परंतु मुलगा गमावलेली ही आई उतारवयात समुद्र ओलांडून आली. ज्यांनी ती चित्रे काढली त्यांची नावेसुद्धा कोणास माहीत नाहीत. त्या अनाम हातांचे काम टिकावे म्हणून बाईंनी आपले हात झिजविले. पुढच्या सहलीत पद्मपाणीसमोर उभ्या राहाल तेव्हा, भगिनींनो, त्यांचीही आठवण ठेवा.