इंद्रायणीकाठचे तुकोबा

पुण्याजवळ इंद्रायणी नदीच्या काठी देहू नावाचे गाव आहे. या गावी इ. स. १६०८ मध्ये तुकोबांचा जन्म झाला. वडिलांचे नाव बोल्होबा व आईचे कनकाई. घरी दुकान होते, शेती होती, सावकारीही होती. याहून जुने असे एक धन त्या घराकडे होते, ते म्हणजे विठ्ठलाचे देऊळ. घराण्याचे मूळपुरुष विश्वंभरबाबा पंढरीची वारी करीत. त्यांनीच देहूस विठ्ठलाची स्थापना केली, असे सांगतात. कमरेवर हात ठेवून विटेवर तिष्ठत उभा असलेला हा देव तुकोबा बाळपणापासून पाहत होते. परंतु सुखात वाढणाऱ्या मुलाला वाट पाहणे म्हणजे काय, हे कसे कळावे?

थोरले बंधू सावजी वृत्तीने विरक्त. म्हणून कोवळ्या वयातच दुकानाचा भार तुकोबांवर पडला. ते सतरा-अठरा वर्षांचे होतात न होतात तोच आईवडील गेले, भावजय वारली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेस निघून गेले. त्यातच इ. स. १६३०च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. पाऊस नाही, पीक नाही. गुरे मेली, गावे ओस पडली. तुकोबांनी दिलेले कर्ज कोण फेडणार? त्यांचे दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेली. तिच्यामागून लहानगा संतूही गेला. पत्नीला मूठभर धान्य आपण देऊ शकलो नाही, ही लाज तुकोबांनी पुढे आपल्या अभंगांत लपवून ठेवली नाही.

दुःखाने व्याकूळ होऊन ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. पंधरा दिवसांनी धाकट्या भावाने, कान्होबाने, त्यांना शोधून काढले. दोघे नदीवर आले. तुकोबांनी घरातील सारी खतपत्रे मागविली, त्यांचे दोन वाटे केले, एक कान्होबाच्या हाती दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला. दुःखाने त्यांना भ्रम झाला, असे काहींना वाटले असेल. पण ज्याला भ्रम होतो तो भावाचा वाटा इतक्या नेमकेपणाने वेगळा काढीत नाही.

एवढे करूनही मन लगेच शांत झाले नाही. देवळाची पडझड झाली होती. तुकोबांनी स्वतः माती कालवून भिंती उभ्या केल्या. एकादशीच्या कीर्तनात ते इतरांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरू लागले. नामदेव, ज्ञानदेव, एकनाथ यांची वचने त्यांनी पाठ केली. दिवसभर भंडारा डोंगरावर एकांतात बसावे, रात्री देवळात यावे, असा क्रम कित्येक दिवस चालला. देव मात्र काही बोलेना. तेव्हा तुकोबा त्याच्यावर रुसत, त्याला दूषणे देत, त्याच्याशी भांडत. परक्याशी कोणी असे भांडत नाही.

दुसरी पत्नी जिजाबाई हिला लोक कजाग म्हणत आले आहेत. घरी पोरे उपाशी आणि धनी डोंगरावर. मग तिने बोलू नये तर काय करावे? तरीही तीच उन्हातून भाकरी घेऊन डोंगर चढे. एकदा तिच्या पायात काटा रुतला, तो विठ्ठलाने येऊन काढला, अशी कथा भंडाऱ्यावर आजही सांगतात. तिने तर त्या काळ्या देवाला अनेकदा शिव्याच दिल्या होत्या!

हळूहळू तुकोबांना अभंग स्फुरू लागले आणि ते गावोगाव पोहोचले. शूद्राने वेदांचा अर्थ मराठीत सांगावा, हे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांना रुचले नाही. अभंगांच्या वह्या बुडविण्याची आज्ञा झाली. तुकोबांनी त्या दगड बांधून डोहात सोडल्या. आधी खतपत्रे बुडवून संसार घालविला, आता परमार्थही घालविला, असे टोमणे लोक मारू लागले. तुकोबा विठ्ठलाच्या दाराशी एका शिळेवर अन्नपाणी सोडून पडून राहिले. एक दिवस गेला, दोन गेले, तेरा दिवस गेले.

तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर कोरड्या तरंगल्या, असे परंपरा सांगते. अभंग लोकांना तोंडपाठ होते, म्हणून ते बुडाले नाहीत, असेही काही अभ्यासक म्हणतात. परंतु त्यानंतर तुकोबांनी जे लिहिले, ते दोघांनीही वाचण्यासारखे आहे. त्यांत विजयाचा उन्माद नाही, रामेश्वरभट्टांवर रोषही नाही. आपण उगाच हट्ट धरला, तेरा दिवस देवाला अडवून ठेवले, त्याला पाण्यात उभे राहण्याचे कष्ट दिले, याचीच त्यांना खंत वाटते. पुढे रामेश्वरभट्ट त्यांचे शिष्य झाले.

इ. स. १६५० मध्ये, फाल्गुन वद्य द्वितीयेस, तुकोबा हे जग सोडून गेले. त्या वेळी जिजाबाईच्या पोटी असलेला पुत्र नारायण याने मोठेपणी, इ. स. १६८५ मध्ये, वडिलांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून ती पालखी अजूनही निघते. शिळाही देहूस आहे; वारकरी आधी तिच्यावर डोके टेकवतात आणि मग चालू लागतात.