दिनकर केळकर : लेकाच्या नावाने सगळा संग्रह देऊन टाकणारा माणूस



आमच्या राजूरकडे जुनं घर पाडून स्लॅबचं घर बांधायला काढलं की आधी माळा रिकामा होतो. तांब्याचा हंडा, पितळी समई, नक्षीचा अडकित्ता, आजीचा कुंकवाचा करंडा, सगळं तराजूत जातं आणि किलोच्या भावाने मोडीत निघतं. मग वर्गात जुन्या वस्तूंची ओळख करून द्यायची तर मोबाईलवर चित्र दाखवावं लागतं. अशा वेळी मी मुलांना एका माणसाची गोष्ट सांगते. आज तीच आपल्यासाठी लिहीत आहे.

बालपण नव्हे, आधी कवी

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता. पण मराठी वाचकांना ते आधी माहीत झाले ते कवी म्हणून. 'अज्ञातवासी' या टोपणनावाने ते कविता लिहीत. इतिहासाची आवड होतीच. त्या आवडीतून पुण्यातल्या जुन्या वाड्यांकडे त्यांचं लक्ष गेलं.

पेशवाई जाऊन शंभर वर्षं होऊन गेली होती. सरदारांचे वाडे पडत होते, घरातल्या वस्तू मोडीत जात होत्या. साधारण १९२० च्या सुमारास केळकरांनी अशा वस्तू गोळा करायला सुरुवात केली. सुरुवातीला तलवारी, शस्त्रं अशा गोष्टींकडे ओढा होता. मग त्यांची नजर रोजच्या वापरातल्या वस्तूंवर स्थिरावली. दिवे, अडकित्ते, दौती, करंडे, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं, लाकडी कोरीव दरवाजे. वस्तू साधी, पण घडवणाऱ्याने तिच्यावर मोर काढलाय, मासा काढलाय, वेल काढलीय. त्या कारागिराचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. केळकरांनी त्याचं काम जपलं.

दुःख आणि संग्रह

केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा मुलगा राजा लहान वयातच गेला. आई-बापाच्या काळजाला पडलेलं भोक कशानेही भरत नाही. केळकरांनी मात्र आपलं उरलेलं आयुष्य संग्रहाला वाहिलं आणि त्याला लेकाचं नाव दिलं. आज पुण्यात बाजीराव रस्त्यालगत जे 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' आहे, त्यातला 'राजा' म्हणजे कोणी राजे-महाराजे नव्हेत, तर त्यांचा तो छोटा मुलगा. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो.

या कामात कमलाबाईंची त्यांना पूर्ण साथ होती. पदरचा पैसा घालून केळकर गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत असे गावोगाव हिंडले. पुण्याजवळच्या कोथरूडमधल्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला.

चित्रांचा ठेवा

या संग्रहात चित्रंही आहेत. लघुचित्रं आहेत, काचेवर रंगवलेली चित्रं आहेत. शिक्षक म्हणून मला सर्वांत जवळची वाटतात ती पैठण शैलीची चित्रकथीची चित्रं. चित्रकथी म्हणजे चित्र दाखवत कथा सांगणारा. रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग कागदावर रंगवायचा, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची आणि एकेक पान लोकांपुढे धरत गोष्ट सांगायची. आपण वर्गात चित्रपट्टी धरून गोष्ट सांगतो, त्याचंच हे जुनं रूप! गावोगावी फिरून झिजलेले हे कागद कुणी सांभाळले नसते, तर आज बघायलाही मिळाले नसते.

देऊन टाकलं!

श्रीमंतांनी संग्रह दिल्याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या भावांचे चित्रांचे व कलावस्तूंचे संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाले. ते दान मोठंच. पण केळकर काही उद्योगपती नव्हते. त्यांच्याकडे होता तो हाच संग्रह.

१९७५ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. वस्तू किती? वीस हजारांच्या आसपास! एकेक वस्तू विकली असती तर पैसा मिळाला असता, पण संग्रह चार दिशांना पांगला असता. एकत्र दिला म्हणून तो आज कुणाचंही लेकरू तिकीट काढून पाहू शकतं. स्वतःचं मूल गेलेल्या बापाने सगळ्यांच्या मुलांसाठी केवढी मोठी शिदोरी ठेवली!

१७ एप्रिल १९९० रोजी, ९४ व्या वर्षी केळकर गेले.

वर्गात काय करता येईल?

१. प्रत्येक मुलाने घरातली एक जुनी वस्तू शोधावी. वस्तू मौल्यवान असेल तर शाळेत न आणता तिचं चित्र काढावं.
२. आजी-आजोबांना विचारून चार ओळी लिहाव्यात : वस्तूचं नाव काय, कुणी वापरली, कशासाठी, आता का वापरत नाहीत?
३. कणगी, जातं, इरलं अशा आपल्या भागातल्या वस्तूंचा एक कोपरा शाळेत मांडावा. प्रत्येक वस्तूखाली देणाऱ्या घराचं नाव जरूर लिहावं.
४. पुण्याला सहल गेली तर हे संग्रहालय यादीत ठेवावं.

पालकांना एकच विनंती. पुढच्या वेळी माळा रिकामा कराल तेव्हा सगळं तराजूत टाकण्याआधी एक वस्तू बाजूला काढून ठेवा आणि ती कुणाची होती ते लेकराला सांगा. केळकरांनीही सुरुवात एकेका वस्तूनेच केली होती.